तीन बोटांची मेंदी

वाघमारे मिस्त्रींनी पहिल्या भेटीत मला नमस्कार केला नाही. दारात चपला काढल्या, सोफ्याच्या कडेवर टेकले आणि म्हणाले, "बाई, नखं दाखवा."

आता ताडकळसच्या शाळेत तीस वर्षं परिपाठाच्या वेळी पोरांची नखं तपासायचा हक्क माझा होता. हातात लाकडी पट्टी आणि समोर शंभर हात. माझ्याच घरात बसून कुणी मला नखं दाखवायला सांगावं, हे मला झोंबलंच. पण शाळेची सवय अशी वाईट, की तो सूर ऐकताच माझे हात आपोआप पुढे गेले. मिस्त्रींनी चष्मा कपाळावर सरकवला आणि दहाही नखं पाहिली.

"साफ हायत," ते म्हणाले. "मंग तुमाला काम सांगायला हरकत न्हाई."

ही सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा अडुसष्टची होते. नादान वय. आपल्याला सगळं कळतं असं वाटण्याचे दिवस.

माझा मुलगा विलास परभणीत गॅरेज चालवतो. त्याची मुलगी ऋतुजा पाना हातात धरूनच मोठी झाली. आसपासच्या गॅरेजवाल्यांनी मिळून मोटारींच्या शर्यती सुरू केल्या होत्या. जुनी छोटी गाडी घ्यायची, आतल्या सीटा काढून लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवायचा आणि गावाबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत पळवायची. त्या वसाहतीत डांबरी रस्ते झाले, दिवे झाले, नाल्या झाल्या, फक्त कारखाने तेवढे आले नाहीत. त्यामुळे वळणावर एखादी म्हैस सोडली तर रस्ता मोकळा. याला टुरिंग कारची शर्यत म्हणतात. बाहेरून गाडी तुमच्याआमच्या गाडीसारखीच दिसली पाहिजे, ही त्यातली मुख्य अट. आत काय आहे ते बाहेरून दिसत नाही, आणि सगळी भांडणं तिथूनच सुरू होतात.

आदल्या वर्षी भांडणं फार झाली. कुणीतरी लहान गाडीत मोठं इंजिन दडवलं होतं म्हणे. म्हणून त्या हंगामाला नवे नियम आले. टायर सगळ्यांना एकाच कंपनीचे. चालवणाऱ्यासकट गाडीचं वजन मोंढ्यातल्या वजनकाट्यावर करायचं, ठरलेल्यापेक्षा कमी भरलं तर गाडी बाद. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे पितळी चकती. इंजिनात हवा शिरते त्या तोंडावर ही चकती बसवायची, तिला चोवीस मिलिमीटरचं भोक. इंजिन कितीही दांडगं असो, श्वास तेवढाच घ्यायचा. चकतीच्या बोल्टांमधून तार ओवायची आणि तारेला शिशाचं सील ठोकायचं.

हे सगळं तपासायला गॅरेजवाल्यांनी किसन वाघमारे मिस्त्रींना नेमलं. पस्तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात काढलेला माणूस. अंगावर कायम इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात मोजायचा व्हर्नियर आणि झाकणाचा पेन. नियम इंग्रजीत अकरा पानं होते. ते मराठीत लिहून द्या, हे काम घेऊन ते माझ्याकडे आले होते.

"पोरांना इंग्रजी येतं की, मिस्त्री," मी म्हणाले.

"येतंय वो. पर उद्या धरलं की म्हणत्यात, कळलं न्हाई. मला कळलेला नियम पाह्यजे, बाई. ज्येला कळलाय तोच सापडतो."

मी टपोऱ्या अक्षरात नियम लिहून दिले. सातवा नियम माझा फार आवडता झाला होता. ‘सील कोणीही, कोणत्याही कारणाने, स्वतः उघडू नये.’ त्यातल्या ‘कोणीही’खाली मी लाल शाईने रेघ मारली. मिस्त्रींनी त्या पानाच्या झेरॉक्स काढून प्रत्येक गॅरेजात चिकटवल्या. माझं हस्ताक्षर जिल्हाभर झालं म्हणून मी आठवडाभर फुशारून फिरत होते.

मिस्त्रींचं काम बघण्यासारखं असायचं. शर्यत संपली की पहिल्या चार गाड्या एका रांगेत लावायच्या. आधी नखं. ज्याने सकाळी इंजिनात हात घातला त्याची नखं सांगतात, असं त्यांचं म्हणणं. "त्वांड शिकवून आणता येतंय, नख न्हाई." मग सील, मग चकती. आणि मोजायची रीत अशी, की व्हर्नियर लावायचे ते स्वतः, पण आकडा स्वतः वाचायचे नाहीत. प्रतिस्पर्ध्याच्या माणसाला बोलवायचे. "मी लावतो, तुमी वाचा." त्याने आकडा सांगितला की व्हर्नियर काढून पुन्हा लावायचे आणि दुसऱ्या कुणाकडून पुन्हा वाचून घ्यायचे.

एकदा विलासने विचारलं, "मिस्त्री, तुमचा कुणावरच विश्वास नाही का?"

"न्हाई," मिस्त्री म्हणाले. "माज्यावर बी न्हाई. म्हणून तर दोनदा मोजायलोय."

इतका प्रामाणिक माणूस बघून माझ्या मनात पहिली पाल तिथेच चुकचुकली. शाळेत असं कुणी वागलं की समजावं, दप्तरात काहीतरी आहे.

आणि कारण होतंही. पालमचा संतोष नावाचा मुलगा त्याच हंगामात शर्यतीत होता. तो मिस्त्रींचा जुना शागीर्द, त्यांच्याच हाताखाली शिकलेला. दुसऱ्या शर्यतीत सरळ रस्त्यावर संतोषची गाडी आमच्या ऋतुजाच्या गाडीला अशी मागे टाकून गेली, जशी एसटी बैलगाडीला टाकते. ऋतुजा उतरली ती रडवेली होऊन. "आजी, गाडी दमच धरत नाही."

दम म्हणजे श्वास, आणि श्वास म्हणजे चकती. माझ्या डोक्यात दिवा लागला. मिस्त्रींनी आमच्या गाडीला बारक्या भोकाची चकती दिली असणार. पण चकती तर दोनदा मोजतात! मोजतात खरं, पण व्हर्नियर कुणाचा? त्यांचाच.

त्यानंतर मी मिस्त्रींवर पाळत ठेवली. आता आठवलं की माझी मलाच लाज वाटते, पण तेव्हा मला वाटत होतं की मी गुप्त पोलिसात असायला हवी होते. ते कुणाचाही चहा घेत नसत, घरून थर्मास आणायचे. मी म्हटलं, थर्मासात काय असेल? ते संतोषच्या गाडीत वाकून बराच वेळ बघायचे. मी म्हटलं, शिकवताहेत. एका गुरुवारी भरदुपारी मी रिक्षा करून त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन बसले. डोक्यावरून पदर, डोळ्यांवर गॉगल. रिक्षावाला म्हणाला, "बाई, मोतीबिंदू काढला का?" मी म्हणाले, "हो." तेवढ्यात संतोष मोटारसायकलवरून आला. त्याच्या हातात भरलेली कापडी पिशवी होती. ती घेऊन तो मिस्त्रींच्या घरात शिरला.

बस्स. मला हवं ते दिसलं. उन्हाने डोकं तापलं होतं, रिक्षावाला भुणभुण करत होता, मी घरी आले. तो बाहेर कधी आला आणि कसा आला, हे बघायला मी थांबले नाही.

हंगामाची शेवटची, चौथी शर्यत राहिली होती. कोइमतूरकडच्या एका संघाने सांगितलं होतं की, हंगामात पहिला किंवा दुसरा येईल त्यातल्या एकाला आम्ही गाडी चालवायला नेऊ. पगारावर, मोठ्या ट्रॅकवर. पहिल्या क्रमांकाचा नांदेडचा गडी नोकरीवाला होता, तो जाणार नव्हता. म्हणजे दुसऱ्या क्रमांकासाठी ऋतुजा आणि संतोष. ऋतुजाचे गुण थोडे कमी होते. तिने दोन महिने धड जेवणसुद्धा केलं नव्हतं, वजन वाढेल म्हणून नव्हे, धास्तीने.

शर्यतीच्या आदल्या गुरुवारी विलास आणि ऋतुजा टायर आणायला नांदेडला गेले. गाडी आमच्या अंगणातल्या पत्र्याखाली होती. दुपारचे दोन वाजले होते. मी पोथी वाचायला बसले आणि पोथी मिटून उठले.

मला फसवाफसवी करायची नव्हती, हे आधी सांगते. मला फक्त मोजायचं होतं. क्रोशाच्या सुईने सीलमधली तार हलके हलके मोकळी केली. बोल्ट सोडले. चकती हातात घेतली, वहीच्या पानावर ठेवली आणि भोकाभोवती पेन्सिल फिरवली, जशी रुमालावर नक्षी उतरवतात तशी. मग पट्टी लावली.

चोवीस. बरोबर चोवीस.

पट्टी उलटी करून पुन्हा लावली. चोवीसच.

तेव्हा मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मला मात्र राग आला, की हा माणूस खोटासुद्धा नाही. मग चकतीकडे लक्ष गेलं. काय तिची दशा! तेलाने, काजळीने नुसती माखलेली. आता पितळेची वस्तू अशी घाण हातात आली आणि मी ती तशीच परत ठेवली, असं माझ्या जन्मात घडलेलं नाही. मी चिंच भिजवली, राख घेतली आणि चकती अशी लख्ख घासली की देवघरातल्या निरांजनाने लाजावं. पुसून बसवली. तार ओवली. शिशाचा मणी परत दाबायला काही सापडेना, म्हणून अडकित्ता घेतला. दाबला, बसला. मी स्वतःवर बेहद्द खूश.

हात धुतल्यावर कळलं, उजव्या हाताच्या तीन बोटांची नखं काळी आहेत. लिंबू चोळलं, रॉकेल लावलं, भांड्यांची घासणी फिरवली. काजळी जागची हलेना. आणि रविवारी मिस्त्री म्हणणार, नखं दाखवा. शेवटी शेजारच्या पोरीकडून मेंदीचा कोन मागून आणला आणि ती तीन बोटं पेरापर्यंत रंगवली. बाकीची सात साफ होती, त्यांना कशाला लावू? काटकसर!

रविवारी ऋतुजाने अशी गाडी चालवली की मी बसल्या जागी तिच्याबरोबर वळत होते. म्हशीच्या वळणावर तिने संतोषला आतून गाठलं आणि दुसरी आली. संतोष चौथा. विलासने तिला उचलून घेतलं. कोइमतूरचा माणूस टाळ्या वाजवत होता. मी मनात म्हटलं, झालं, पोरगी गेली मद्रासच्याही खाली.

मग गाड्या रांगेत लागल्या आणि मिस्त्री आले. त्या दिवशी नखांआधीच आमच्या गाडीचं बॉनेट उघडलं. सील बोटाने फिरवून बघितलं, चष्मा कपाळावर गेला.

"ह्या सीलानं सुपारी कातरलीया," ते म्हणाले.

कुणाला काही कळलं नाही. मला कळलं. अडकित्त्याच्या पात्याचा दात शिशावर उमटला होता. मिस्त्रींनी चकती काढली. उन्हात ती अशी चमकली, की लांबच्या लोकांनीसुद्धा माना वळवल्या. त्यांनी ती नाकाजवळ नेली.

"चिच," ते म्हणाले.

गर्दीत कुजबुज सुरू झाली. सगळ्यांचे डोळे विलासकडे. मेकॅनिक तोच, गाडी त्याच्या अंगणात, नखं त्याची बारा महिने काळी. मागून कुणीतरी म्हणालं, "पोरीसाठी बापानं केलं." दुसरा म्हणाला, "मागल्या साली बी ह्येनंच केलं असंल." "मिस्त्री, आईशपथ, मी हात लावला नाही," तो म्हणाला, आणि त्याची आई चार पावलांवर पदरात हात लपवून गप्प उभी होती. हे वाक्य लिहायला मला सहा वर्षं लागली.

मिस्त्रींनी विलासची नखं बघितली नाहीत. ऋतुजाची बघितली. मग माझ्यासमोर आले.

"बाई, हात."

मी हात पुढे केले.

"कुणाचं लगीन हाय?"

"भाचीचं."

"कुठली भाची?"

"सेलूची."

"कवा झालं?"

"काल."

"काल तर तुमी मोंढ्यात काट्यावर हुबा व्हता. गाडीचं वजन करायला." ते वाकून माझ्या बोटांकडे बघत राहिले. "आन ह्या भाचीला तीनच बोटांची मेंदी पुरली व्हय?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी आपलं रजिस्टर गाडीच्या छतावर ठेवलं, पेनाचं झाकण काढलं आणि ‘कारण’ लिहिलेल्या रकान्यावर बोट ठेवून नुसते उभे राहिले. काही विचारलं नाही. वर्गात मीही असंच करायची. गप्प उभं राहायचं, पोर आपणहून बोलतं.

"मी उघडलं," मी म्हणाले. "विलासचा काही संबंध नाही. भोक बारीक दिलंय असं मला वाटलं. मोजून बघितलं."

"आन?"

"चोवीस भरलं."

"चोवीसच हाय. म्या बी आताच लावलं, नांदेडवाल्यानं वाचलं."

"मग मिस्त्री, चकती बरोबर, पोरीने काही केलं नाही. तिचा नंबर कशाला काढता?"

"चकती बरोबर व्हती हे तुमाला कसं कळलं, त्येच तर लिवायचंय," मिस्त्री म्हणाले. "सीलाला आजी कळत न्हाई, बाई. आज आजीला सोडलं तर उद्या समद्यांच्या आज्या येत्याल."

आणि त्यांनी पेन माझ्या हातात दिला. "नियम तुमच्या अक्षरात हाय. कारण बी तुमीच लिवा."

मी लिहिलं. ‘स्पर्धक ऋतुजा हिच्या आजीने संशयावरून सील उघडले. चकती नियमाप्रमाणे. स्पर्धक व तिचे वडील यांना माहीत नव्हते.’ खाली सही केली. अक्षर तेच, टपोरं, फक्त या वेळी ओळ वाकडी गेली. सातव्या नियमातलं ‘कोणीही’ मी लाल शाईने अधोरेखित केलं होतं. ते लिहिताना माझ्या मनात ‘कोणीही, म्हणजे मी सोडून’ असं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

ऋतुजाचा निकाल रद्द झाला. कोइमतूरला संतोष गेला. ऋतुजा माझ्याशी सोळा दिवस बोलली नाही. सतराव्या दिवशी स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "चिंच कुठे ठेवलीस?" मी डबा दिला. तिने तो उचलला आणि सगळ्यात वरच्या फळीवर, माझा हात पोचणार नाही तिथे, नेऊन ठेवला. तेवढ्यावर आमचं मिटलं. म्हणजे मी मिटलं असं समजते. तिचं काय आहे, ते ती सांगत नाही.

मिस्त्री त्यानंतर पाच हंगाम होते. मी समोर आले की नखं बघायचे, सगळ्यांच्या आधी माझी. मग छातीच्या दुखण्याने गेले. त्यांच्या घरी गेले तेव्हा पांढऱ्या कपड्यांतली माणसं वंदना म्हणत होती, भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीपाशी मेणबत्ती होती. सवयीने मी मिस्त्रींच्या हातांकडे बघितलं. ते होते तोवर त्यांना कुणी कधी ‘नखं दाखवा’ म्हटलं नव्हतं. अगदी मुळापर्यंत कापलेली, साफ. मीही दोनदा बघितली.

त्यांची सून माझ्या शेजारी बसली होती. बोलता बोलता तिने सांगितलं, "मामींच्या माघारी संतोषच्या आईनं लय केलं. दर गुरुवारी भाकरी, ठेचा, कळण्याचं पीठ पाठवायची. पर शर्यती सुरू झाल्या की मामा पिशवी जशीच्या तशी वापस करायचे. म्हणायचे, हंगाम संपल्यावर आण. पोरगं भरली पिशवी घेऊन परत जायचं पालमला. दोन वेळा तर रडलं बी."

गल्लीच्या तोंडाशी आणखी पाच मिनिटं रिक्षात बसले असते, तर भरली पिशवी बाहेर येताना मला दिसली असती.

महिन्याभराने गॅरेजवाले आमच्या घरी आले. सोबत मिस्त्रींचा व्हर्नियर आणि ते रजिस्टर. जाण्याआधी मिस्त्रींनी त्यांना सांगून ठेवलं होतं. "वाघमाऱ्याच्या जागी कोण, म्हणून भांडू नका. त्या बाईला घ्या. लय संशयी हाय. आन एकदा स्वताच्या हातानं लिवलंय, आता इसरायची न्हाई."

"पण माझीच नात पळते," मी म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

"मिस्त्रींना पण लोक म्हणायचेच की," त्यातला एक माझ्याकडे बघून म्हणाला.

या हंगामाच्या पहिल्या रविवारी मी रांगेसमोर उभी राहिले. चौऱ्याहत्तरची झाले, वाकता येत नाही, म्हणून विलासने खुर्ची दिली आहे. पलीकडे पालमच्या एका पोराची आई डोक्यावरून पदर घेऊन मला निरखत होती. नजर माझ्या ओळखीची होती. मी म्हटलं, बघ बाई, डोळे भरून बघ, पण शेवटपर्यंत थांब.

तिसरी गाडी ऋतुजाची. हेल्मेट काढून ती पुढे आली. मी चष्मा कपाळावर सरकवला.

"नखं दाखव."

तिने हात पुढे केले. मनगटापर्यंत मेंदी. दोन्ही हातांना, दहाही बोटांना, पेरापेराला.

"आजी, मैत्रिणीचं लग्न होतं काल," ती म्हणाली. "खरंच होतं. फोटो दाखवू?"

"फोटो नको," मी म्हणाले. "बॉनेट उघड. आणि आकडा वाचायला त्या पालमच्या बाईंना हाक मार."